हुंडणावळ आणि कार्डाचा अधिभार

काशीतील संकठा घाट हा मराठी यात्रेकरूंना परका वाटू नये असाच आहे. त्याच्या एका बाजूस शिंदे घाट, तर दुसऱ्या बाजूस थोड्याच अंतरावर नागपूरकरांचा भोसले घाट. घाटाच्या वर गल्लीत संकठादेवीचे मंदिर. पूर्वी महाराष्ट्रातून काशीस निघालेला यात्रेकरू वाटेतील चोरांच्या भयाने रोकड सोबत नेत नसे. गावच्या किंवा पुण्याच्या सावकाराकडे रक्कम भरून तो काशीच्या पेढीवरील हुंडी घेई. या सेवेचा मोबदला म्हणजे हुंडणावळ. प्रांतोप्रांतीची नाणी निराळी असल्यामुळे नाणे बदलताना बट्टाही द्यावा लागे. १८३५ साली कंपनी सरकारने एकच रुपया चालू केल्यानंतर बट्ट्याचा जाच हळूहळू ओसरला.

आजचा यात्रेकरू हुंडी घेत नाही. तो घरबसल्या संगणकावर अथवा मोबाईलवर घाटाजवळच्या यात्रीनिवासातील खोली आरक्षित करतो आणि कार्डाने पैसे भरतो. पैसे देणारा पुण्यात किंवा नाशकात, खोली काशीत, गंगाही भारतातच. मग या व्यवहारात परकीय चलनाचा संबंध येतोच कोठे, असा प्रश्न कोणालाही पडेल. तथापि ज्या कंपनीच्या संकेतस्थळावरून हे आरक्षण होते तिचे मुख्यालय अनेकदा युरोपात किंवा सिंगापूरसारख्या ठिकाणी असते. रक्कम त्या कंपनीच्या परदेशातील बँकेमार्फत वसूल झाली, तर कार्डाच्या दृष्टीने तो आंतरराष्ट्रीय व्यवहार ठरतो. किंमत पडद्यावर रुपयांत दिसत असली तरी त्यामुळे या स्थितीत फरक पडत नाही.

अशा व्यवहारावर पडणारा भार तीन प्रकारचा असतो. पहिला विनिमय दराचा. डॉलर किंवा युरोतील रक्कम रुपयांत आणताना व्हिसा, मास्टरकार्ड यांसारखी कार्ड-संस्था आपला दर लावते. हा दर आरक्षणाच्या क्षणाचा असेलच असे नाही. व्यवहाराचा हिशेब पुरा होईल त्या दिवसाचा तो असू शकतो. दुसरा भार कार्ड देणाऱ्या बँकेच्या अधिभाराचा. भारतात तो बहुधा रकमेच्या २ ते ३.५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. काही कार्डांवर तो कमी, तर काहींवर मुळीच नसतो. तिसरा भार या अधिभारावरील १८ टक्के वस्तू व सेवा कराचा.

उदाहरणादाखल चार रात्रींच्या खोलीचे मूल्य २०,००० रुपये धरू. कंपनीने डॉलरमध्ये आकारणी केली आणि अधिभार ३.५ टक्के असला, तर अधिभाराचे ७०० रुपये व त्यावरील कराचे १२६ रुपये मिळून ८२६ रुपये अधिक पडतात. रुपयांतच आकारणी झाली, परंतु वसुली परदेशातून झाली, तरी काही बँका १ टक्क्याच्या आसपास शुल्क लावतात. म्हणजे २०० रुपये व कराचे ३६ रुपये. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. मूळ किंमत परकीय चलनात असते आणि पैसे भरताना ‘आपल्या चलनात भरावयाचे काय’ असा सौजन्यपूर्ण प्रश्न विचारला जातो. रुपया ओळखीचा असल्याने ग्राहक सहज होकार देतो. परंतु येथे रूपांतराचा दर कार्ड-संस्थेचा नसून विक्रेत्याच्या बाजूचा असतो. त्यात ४ टक्क्यांची वाढ धरली तर २०,००० चे २०,८०० रुपये होतात. त्यावर बँकेचे १ टक्का शुल्क व कर धरल्यास आणखी सुमारे २४५ रुपये, म्हणजे एकूण भार १,०४५ रुपयांच्या घरात जातो. ओळखीच्या चलनाची सोय ही अशी महाग पडते.

आरक्षण रद्द झाल्यास आणखी एक गुंतागुंत उद्भवते. परतावा त्या दिवशीच्या दराने जमा होतो आणि अधिभार व कर सामान्यतः परत मिळत नाहीत. ‘विनाशुल्क रद्द’ या शब्दांवर विसंबलेल्या ग्राहकास भरलेल्या रकमेपेक्षा कमी रक्कम खात्यात दिसते. कंपनीने आपला शब्द पाळलेला असतो, बँकेने नियम मोडलेला नसतो, तरीही ग्राहकाचे नुकसान झालेले असते.

या शुल्कांना सरसकट अन्याय म्हणणे योग्य ठरणार नाही. परकीय चलनाच्या व्यवहारात दरातील चढउताराची जोखीम असते, कार्ड-संस्थांचा खर्च असतो, फसवणुकीपासून संरक्षणाची व्यवस्था ठेवावी लागते. परदेशी कंपन्यांच्या संकेतस्थळांनी प्रवाशास अनेक निवासांची तुलना करण्याची सोय दिली, हेही खरे. सावकार हुंडणावळ घेई त्याबद्दल कोणी तक्रार करीत नसे, कारण काशीची हुंडी किती टक्क्यांनी मिळेल हे पैसे मोजण्यापूर्वी कळत असे. परवडली नाही तर यात्रेकरू दुसऱ्या पेढीची पायरी चढे. आजच्या अधिभाराचे दुखणे त्याच्या आकारात नाही, तो उशिरा कळतो यात आहे. महिनाअखेरीस विवरणपत्रात उमटणारी रक्कम ही माहिती नव्हे, ती केवळ नोंद होय.

रिझर्व्ह बँकेने या दिशेने पावले टाकली आहेत. जानेवारी २०२० मधील तिच्या सूचनांनुसार त्या वर्षीच्या १६ मार्चपासून नवी कार्डे देताना आंतरराष्ट्रीय वापराची सुविधा आपोआप चालू न ठेवता ग्राहकाने मागितल्यावरच देण्याची पद्धत आली. ही सुविधा हवी तेव्हा चालू-बंद करण्याचा अधिकारही ग्राहकास मिळाला. २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत महत्त्वाच्या अटी व शुल्के ग्राहकास स्पष्टपणे कळविण्यावर भर देण्यात आला. परंतु कार्ड घेताना हाती पडलेला शुल्कतक्ता दोन वर्षांनी काशीचे आरक्षण करताना कोणाच्या स्मरणात राहणार? माहिती निर्णयाच्या क्षणी मिळाली पाहिजे.

म्हणूनच बँकांनी एक पाऊल पुढे टाकणे अगत्याचे आहे. व्यवहारानंतर ग्राहकास जो संदेश जातो त्यात मूळ चलनातील रक्कम, लावलेला दर, अधिभार आणि कर या चार बाबी स्वतंत्र दाखवाव्यात. मोबाईल सेवेत आंतरराष्ट्रीय वापर चालू करताना त्या कार्डाचा अधिभार तेथेच ठळक अक्षरांत, ग्राहकाच्या भाषेत दिसावा. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जी बँक हे प्रथम करील तिला काही रुपये कमी मिळतीलही. परंतु निवृत्तिवेतनातून आयुष्यातील एकमेव काशीयात्रा करणाऱ्या दांपत्याचा विश्वास हा त्याहून मोलाचा ठेवा आहे.

ग्राहकानेही थोडी दक्षता बाळगणे आवश्यक आहे. पैसे भरण्यापूर्वी वसुली कोणत्या देशातून व कोणत्या चलनात होणार, आपल्या कार्डाचा अधिभार किती, आणि आरक्षण रद्द झाल्यास परतावा कोणत्या दराने मिळणार, या तीन प्रश्नांची उत्तरे घ्यावीत. मूळ किंमत परकीय चलनात असल्यास रूपांतर बहुधा कार्डावर सोपवणे स्वस्त पडते. ‘निवासस्थानी पोहोचल्यावर पैसे द्या’ हा पर्याय असेल तर काशीत रुपयांत रोखीने किंवा यूपीआयद्वारे पैसे देऊन हा सारा भार टाळता येतो. यात्रीनिवासाशी थेट दूरध्वनीवर बोलून दर विचारण्यातही कमीपणा नाही. काम झाल्यावर कार्डावरील आंतरराष्ट्रीय वापर बंद करावा, कारण परदेशी संकेतस्थळावर ओटीपी विचारला जाईलच असे गृहीत धरता येत नाही.

परदेशस्थ मराठी कुटुंबे वडीलधाऱ्यांसाठी काशीत खोली आरक्षित करतात, तेव्हा हाच प्रश्न उलट दिशेने उभा राहतो. त्यांच्या कार्डावरही रुपयांतील खर्चाचा अधिभार तेथील बँक लावू शकते. घरातील कोणत्या कार्डाने पैसे भरावेत हे आधी ठरवले, तर दोन चलनांचा फेरा वाचतो.

मोबदला घेणे हा पेढीचा हक्क आहे आणि तो आधी सांगणे हा तिचा धर्म. जुन्या पेढीने हुंडणावळ घेऊनही जी पत राखली, ती या धर्माच्या बळावर. आजच्या बँकेची पतही त्याच कसोटीस लागणार आहे.