सहा वर्षांच्या आतले मूल कोणाचे?

आपल्या चळवळीत शिक्षणावर जेवढे बोलले गेले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर बोलले गेले असेल. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, फी माफी, राखीव जागा यांसाठी आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेलो. ते योग्यच होते. परंतु आपल्या भाषणांत मूल पहिल्यांदा दिसते ते शाळेच्या दारात, पाठीवर दप्तर अडकवून उभे असलेले. त्याआधीची सहा वर्षे ते कोणाच्या कडेवर होते, काय खात होते, दिवसभर त्याच्याशी कोण बोलत होते, हे सभेत कोणी विचारत नाही. तो बायकांचा विषय, घरातला विषय, असे म्हणून आपण पुढे जातो. आमचे म्हणणे असे आहे की हा घरातला विषय नाही. हा हक्काचा विषय आहे, आणि तो आपण फार काळ घरात कोंडून ठेवला आहे.

लहान मूल वाढविणे म्हणजे काय, हे ज्याने ते केले त्यालाच ठाऊक. वस्तीतल्या कोणत्याही घरात पहाटे डोकावून पहा. रात्रभर मूल कण्हत असते, कारण काल लस टोचून आणली. आई अर्धवट झोपेत त्याला थोपटते, आणि मनात हिशेब करते की उद्या कामावर गेले नाही तर खाडा पडेल. सकाळी नळाला पाणी येण्याची वेळ आणि मूल उठण्याची वेळ एकच. एका हाताने हंडा, दुसऱ्या कडेवर मूल. मऊ भात कालवून भरवायला बसावे तर ते तोंड फिरवते, दोन घास थुंकते, आणि शेजारच्या मुलाच्या हातातले पाच रुपयांचे पाकीट पाहून त्यासाठी लोळण घेते. कधी जुलाब लागतात. जुलाब थांबले की सर्दी. सर्दी गेली की पडून कपाळाला टेंगूळ. या आठवड्यात अंग भरले असे वाटावे, तर पुढच्या आठवड्यात एका तापात सगळे उतरून जाते.

आणि तरीही याच घरात असे क्षण येतात की त्यांची बरोबरी कशाशी करता येत नाही. भिंतीला धरून उभे राहिलेले पोर एके दिवशी भिंत सोडते आणि तीन पावले टाकते. गल्लीतल्या सगळ्या बाया ते पाहायला जमतात. कामावरून थकून आलेल्या बापाच्या चपलांचा आवाज ओळखून ते रांगत उंबऱ्यापर्यंत जाते. 'जय भीम' म्हणायला शिकविले की हात जोडते आणि 'ज'च्या जागी भलतेच काही म्हणते, आणि घरभर हसू पिकते. गरिबाच्या घरात आनंद नसतो असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या घरात पहिली पावले टाकणारे मूल पाहिलेले नसते.

प्रश्न आनंदाचा नाही. हे काम कोण करते आणि ते करताना कोणाचे काय बुडते, हा प्रश्न आहे. पहिले उत्तर, आई. ती चार घरची धुणीभांडी करते, दुसऱ्यांची मुले आंघोळ घालून, डबा भरून शाळेच्या बसपर्यंत पोहोचविते, आणि तिचे स्वतःचे मूल त्या वेळी शेजारणीच्या भरवशावर असते. दुसरे उत्तर, आजी. जन्मभर मोलमजुरी करून गुडघे झिजलेल्या आजीला वयाच्या साठीत धावत्या नातवामागे धावावे लागते. तिसरे उत्तर सर्वांत कटू आहे, आणि ते म्हणजे घरातली मोठी मुलगी. आठ-दहा वर्षांची ही ताई धाकट्याला कडेवर घेऊन वाकडी चालते. मूल आजारी पडले की खाडा आईचा पडत नाही, ताईच्या शाळेचा पडतो. आज दोन दिवस, पुढच्या महिन्यात आठ दिवस, आणि एके दिवशी हजेरीपटावरचे नावच निघते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर हे उघड दिसते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती नवरा-बायको मिळून एका कोयत्याची. पहाटे दोघेही फडात जातात. मागे कोपीत तान्हे मूल आणि त्याला सांभाळायला ताई. गावातली शाळा पाच-सहा महिने सुटते. मग आपण आकडे पाहून विचारतो की आपल्या मुली शाळेतून का गळतात! त्या शाळेला कंटाळून गळत नाहीत. घरातल्या धाकट्या मुलाला सांभाळायला दुसरे कोणी नसते म्हणून गळतात.

यावर कोणी म्हणेल की हे तर पूर्वापार चालत आले आहे, गरिबाचे असेच असते. 'असेच असते' हे वाक्य ऐकले की आपण सावध व्हायला हवे. आपल्या माणसांना हजारो वर्षे याच वाक्याने गप्प बसविले गेले. बाबासाहेबांनी ते कधी मानले नाही, बाळंतिणीच्या बाबतीतही नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा देणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जो मालक स्त्रीच्या श्रमावर नफा कमावतो त्यालाही त्यांनी जबाबदारीतून मोकळे सोडले नाही. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना खाणीत राबणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या कायद्यात त्यांनी सुधारणा घडवून आणली. मूल जन्माला घालणे आणि वाढविणे हे एकट्या बाईचे नशीब नव्हे, ते समाजाचे काम आहे, हा विचार त्यामागे होता.

हे ते कोरड्या अभ्यासातून बोलत नव्हते. त्यांच्या आणि रमाईच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि लाडका राजरत्न. राजरत्न १९२६ मध्ये गेला. उरले एकटे यशवंतराव. परदेशातून पदव्या आणणाऱ्या माणसाच्या घरातही मुले जगविणे किती कठीण होते, हे रमाईला जेवढे माहीत होते तेवढे कोणालाच नसेल. राजरत्नाच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी बाबासाहेब विधिमंडळात बाळंतिणींसाठी उभे राहिले, हे आपण विसरता कामा नये.

आता संविधानाकडे पाहू. मूळ अनुच्छेद ४५ मध्ये राज्याने दहा वर्षांच्या आत सर्व बालकांना, ती चौदा वर्षांची होईपर्यंत, मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे असे म्हटले होते. त्यात वरची मर्यादा होती, खालची नव्हती. सहा वर्षांपासून पुढे, असा शब्द तेथे कोठेही नव्हता. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. 'शिक्षण' या शब्दाच्या जागी 'प्राथमिक शिक्षण' घालावे अशी सूचना आली, ती बाबासाहेबांनी नाकारली. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावायचे नाही असे आपण दुसऱ्या कलमात म्हणतो, तर त्या वयापर्यंत ते मूल शिक्षणसंस्थेत असले पाहिजे, असे त्यांचे सरळ तर्कशास्त्र होते. मुलाचा हक्क आखूड होऊ नये, ही त्यांची दृष्टी होती.

पुढे काय झाले? दहा वर्षांची मुदत उलटून गेली. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षण मूलभूत हक्क झाले. आपण त्याचे स्वागत केले. पण हा हक्क अनुच्छेद २१-क मध्ये आला तो सहा ते चौदा वयापुरता. सहाच्या आतल्या मुलाला बदललेल्या अनुच्छेद ४५ मध्ये ठेवले गेले. राज्य त्याच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा प्रयत्न करील, एवढेच तेथे म्हटले आहे. प्रयत्न केला नाही तर न्यायालयात जाता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था करू शकेल, एवढीच ऐच्छिक भाषा आहे. धाकट्याला हक्क नाही म्हणून त्याला सांभाळायला कोणी नाही, आणि त्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून ताईचा हक्क कागदावर राहतो. एकाच घरातल्या दोन मुलांची ही गाठ आहे. ती एकीकडून सुटणार नाही.

'अंगणवाडी आहे ना', असे उत्तर मिळेल. अंगणवाडी आहे, आणि ती नसती तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, बोर्डी आणि कोसबाडला रुजविलेला विचार आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. परंतु अंगणवाडी चालते काही तास आणि आईची मजुरी असते दिवसभराची. तीन वर्षांखालच्या मुलाला तर तेथे बसायला जागाच नसते. त्याच्या वाट्याला येते घरी न्यायचे आहाराचे पाकीट. पाकीट मूल सांभाळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ३४.४ टक्के होते. प्रगत म्हणविणाऱ्या राज्यात तीन मुलांमागे एक मूल खुरटलेले! तान्ह्या मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे भरवावे लागते. जी आई सकाळी सातला घर सोडते, तिने ते कसे भरवावे?

ज्या सेविका आणि मदतनीस हे काम करतात त्यांना सरकार कर्मचारी मानत नाही. त्यांना पगार नाही, 'मानधन' मिळते. या शब्दातच फसवणूक आहे. मूल सांभाळणे हे बाईचे स्वाभाविक काम, त्याला दाम कशाला, हीच जुनी वृत्ती त्यामागे आहे. सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील अंगणवाडी कर्मचारी संपावर गेल्या तेव्हा तो लढा आपल्याही मुलांचा होता. आपल्यापैकी किती जण त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले?

पाळणाघराचा कायदा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले. पण आपल्या बहुसंख्य भगिनी कोठे काम करतात? दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात, बांधकामावर, वीटभट्टीवर, नाक्यावर. तेथे आस्थापना नाही, हजेरीपत्रक नाही, म्हणून रजाही नाही आणि पाळणाही नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर स्त्रीला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात २०१७ ची मातृवंदना योजना आली ती पहिल्या अपत्यापुरती, पाच हजारांची. पुढे दुसऱ्या अपत्याचा समावेश झाला तोही ते मुलगी असेल तरच. संसदेने दिलेला हक्क योजनेने कापला, आणि त्यावर आपल्याकडून एक निवेदनही गेले नाही.

सरकारकडे मागायचे ते मागूच. पूर्ण दिवस चालणारी अंगणवाडी-पाळणाघरे, सेविकांना कर्मचाऱ्यांचा दर्जा, आणि जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या संगोपनाचा मूलभूत हक्क, या मागण्या आपल्या प्रत्येक जाहीरनाम्यात आल्या पाहिजेत. पण आपल्या हातात काय आहे, हेही पाहिले पाहिजे. वस्तीवस्तीत वर्गणी काढून आपण विहारे बांधली. त्यातली कितीतरी रविवारच्या वंदनेनंतर आठवडाभर कुलूपबंद असतात. त्या छताखाली सकाळी नऊ ते सहा पाळणाघर का चालू नये? वस्तीतल्या दोन शिकलेल्या मुलींना रीतसर वेतन देऊन, स्वच्छ पाणी, गरम खिचडी, चार चित्रांची पुस्तके एवढ्यावर ते सुरू होऊ शकते. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढे खर्च होतात, तेवढ्यात अशा पाळणाघराचे किती महिने निघतील, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने करावा.

दुसरी गोष्ट बापांची. समतेवर तासभर बोलणारा कार्यकर्ता घरी येऊन मूल रडले की 'अगं, घे याला' म्हणतो, तेव्हा समता उंबऱ्याबाहेर राहिलेली असते. मुलाला भरविणे, धुणे, दवाखान्यात नेणे, रात्री जागणे यात बाईचे म्हणून खास असे काही नाही. तिसरी गोष्ट, ताप आला की दृष्ट काढणे, गंडा बांधणे थांबवून लगेच दवाखाना गाठणे. जुलाब लागले की मीठ-साखरेचे पाणी पाजत राहणे. रडणाऱ्या मुलाच्या हातात मोबाईल देऊन गप्प करण्यापेक्षा त्याच्याशी बोलणे. ते बोलणे मुलाला मिळते त्या वयातच त्याच्या भाषेचा पाया पडत असतो.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की मुलांना शिकवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा पेरा. आपल्या मातांनी ते उपाशीपोटी करून दाखविले. आज जे डॉक्टर, वकील, अधिकारी आपण अभिमानाने मोजतो, ते त्या मातांनी आणि शाळा सोडलेल्या कितीतरी तायांनी कडेवर घेऊन वाढविलेले आहेत. ती किंमत पुढच्या पिढीतल्या ताईने पुन्हा का मोजावी? तिच्या कडेवरचे मूल आता समाजाने आणि शासनाने उचलून घ्यावे. तिला शाळेत जाऊ द्यावे.