सूत्राआधी खोकं कापा

आळंद तालुक्यातल्या आईवडिलांना आणि गुरुजी-बाईंना एक विनंती आहे. सातवी-आठवीच्या पोरांकडून पृष्ठफळाचं सूत्र लगेच पाठ करून घेऊ नका. सूत्र ती घडाघडा म्हणतात, पण त्यातला २ कुठून आला असं विचारलं की वर्ग गप्प. माध्यम मराठी असो, कन्नड असो की उर्दू, घोडं तिथंच अडतं.

आधी टूथपेस्टचं रिकामं खोकं हाती द्या. कडेकडेनं कापून जमिनीवर पसरू द्या. चिकटवायच्या जादा पट्ट्या छाटल्या की सहा आयत उरतात, समोरासमोरचे सारखे. २ कुठला ते तिथंच दिसतं. गोल डब्याभोवती कागद गुंडाळून उलगडला तर तोही आयतच निघतो: लांबी डब्याच्या परिघाएवढी, रुंदी उंचीएवढी.

खरा घोळ पुढं आहे. पृष्ठफळ आणि घनफळ यांत पोरं हमखास गोंधळतात. त्यावर कपड्याचा साबण बरा. (आपली काळी माती नको, वाळली की तडकते.) साबणाचे एकसारखे आठ घन कापा. दोन-दोनच्या थरात रचून मोठा घन केला तर बाहेरून २४ चौरस दिसतात. तेच आठ एका ओळीत लावले तर ३४. सुटे ठेवले तर ४८. साबण तेवढाच, बाहेरची बाजू मात्र दुप्पट झाली. मग घरातल्या तुरीकडे वळा. अख्खी तूर शिजायला वेळ घेते, डाळ लवकर शिजते. साल निघाल्याचा त्यात वाटा आहेच, पण दाणा दुभंगला की पाण्याला भिडणारी नवी बाजूही उघडी पडते.

संत्रं मधोमध कापा, त्याच्या काठाएवढी वर्तुळं कागदावर काढा आणि अख्ख्या संत्र्याच्या सालीचे बारीक तुकडे त्यांत बसवा. जवळपास चार वर्तुळं भरतात. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त हेच सांगितलंय: वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे चेंडूवरच्या जाळीसारखं गोलाचं पृष्ठफळ. एवढं जुनं आपल्याकडचं गणित असून वर्गात त्याचं नावही निघत नाही, याचं मला नवल वाटतं.

आणि घराला रंग द्यायचा असेल तेव्हा टेप पोराच्या हाती द्या. १० बाय १२ची, १० फूट उंच खोली असेल तर चार भिंती ४४० चौरस फूट. ३ बाय ७चं दार आणि ४ बाय ४ची खिडकी वजा केली की ४०३. छत रंगवायचं तर १२० वाढवा, फरशी धरू नका. कुठली बाजू मोजायची आणि कुठली सोडायची, हे सूत्र सांगत नाही. पोराचा आकडा रंगाऱ्याच्या आकड्याशी जुळला नाही, तर दोघांनाही पुन्हा मोजायला लावा.