बिनखात्याचे बालमंत्री

जून-जुलैत शाळा स्थिरस्थावर झाल्या की कात्रजसारख्या उपनगरापासून आडगावापर्यंत अनेक प्राथमिक शाळांतून मंत्रिमंडळाच्या निवडणुकीची धांदल उडते. वर्गोवर्गी प्रचार होतो, बोटाला शाई लागते, हल्ली तर मोबाईलचेच मतदान यंत्र होते आणि दुपारपर्यंत मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, आहारमंत्री, सहलमंत्री शपथ घेऊन मोकळे होतात. 2022 च्या मार्चमध्ये पुणे महापालिकेची मुदत संपल्यावर येथील प्रौढ नागरिकांना साडेतीन वर्षांहून अधिक काळ आपला नगरसेवक निवडता आला नाही. त्या काळात नियमित मतदान केले ते चौथी-पाचवीच्या मुलांनीच! हा विनोद बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच : शपथविधीनंतर पुढे काय?

पुढे बहुधा काहीच नाही. परिपाठाच्या रांगा सरळ करणे, बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे आणि पाहुण्यांना गुलाबपुष्प देणे, इतकाच या मंत्र्यांचा कारभार. मुलांचे प्रतिनिधी म्हणून निवडून आलेले हे बालक आठवड्याभरात शिक्षकांचे बिनपगारी हवालदार होतात.

यात प्रस्तुत लेखकही निर्दोष नाही. पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळामास्तर होतो व मंत्रिमंडळाची वही तपासण्याचे काम आमच्याकडे असे. एकदा चौथीतील पाणीमंत्री मुलीने लिहिले की, पहिलीच्या मुलांचा हात नळाला पुरत नाही; मोठी मुले तोटी सोडून देईपर्यंत ती थांबतात, आणि घंटा झाली की तशीच तहानलेली वर्गात जातात. आम्ही रोज त्या नळावरून जात होतो, पण आमच्या उंचीवरून तो अगदी योग्य जागी दिसे. दोन दिवसांनी तपासणीसाठी साहेब यावयाचे होते. आम्ही ती ओळ खोडली आणि ‘पाण्याची व्यवस्था समाधानकारक’ असे तिच्याकडून लिहवून घेतले. तिने ते सुवाच्य अक्षरात लिहिले. त्यानंतर वर्षभर त्या वहीत एकही तक्रार आली नाही.

मुलांना जे दिसते ते मोठ्यांना दिसत नाही, एवढ्याच एका कारणासाठी बालसभा आवश्यक आहे. शौचालयाची कडी आतून लागत नाही, हे कोणत्याही अहवालात येत नाही. कात्रजच्या चौकात सातारा रस्ता ओलांडून शाळेस जाणाऱ्या आठ वर्षांच्या मुलास त्या रहदारीविषयी जे ठाऊक असते, ते मोटारीत बसलेल्या अधिकाऱ्यास ठाऊक असणे शक्य नाही.

कायदा या बाबतीत मुलांच्या बाजूस आहे. बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारात मुलास आपले मत मांडण्याचा हक्क मान्य झाला आणि 1992 मध्ये भारताने तो करार स्वीकारला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तर मुलास भयमुक्त करणे व मोकळेपणाने मत मांडण्यास साहाय्य करणे हे अभ्यासक्रमाचेच अंग ठरविले. मात्र पुढच्याच वर्षीच्या केंद्रीय नमुना नियमांत शाळा व्यवस्थापन समितीवरील काही जागा ‘स्थानिक शिक्षणतज्ज्ञ अथवा शाळेतील मुले’ यांना देऊ केल्या आहेत. असा ‘अथवा’ असल्यावर जागा कोणास मिळते, हे सांगावयास नको.

मुले सुट्ट्याच मागतील, गृहपाठ बंद करा म्हणतील, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मागोत की! ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मुख्याध्यापकांचाच आहे. त्यांनी कारण सांगून नाही म्हणावे, म्हणजे झाले. सेवाग्रामच्या नयी तालीमच्या शाळेत मुले आपले मंत्री निवडीत. स्वयंपाकघर आणि सफाई त्यांच्या हाती असे व आमसभेपुढे कामाचा अहवाल ठेवावा लागे. पोलंडमध्ये यानुश कोर्चाक यांच्या अनाथालयात मुलांचे न्यायालय होते आणि त्यापुढे स्वतः कोर्चाकही उभे राहिले. त्यामुळे त्यांचा मान कमी झाला, असे कोणी म्हणत नाही.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यास पाणी आणणारा नळ बांधला गेला, तेव्हा कोंडलेली हवा सुटावी म्हणून वाटेत उच्छ्वास ठेवले होते. पुष्कळ शाळाचालक बालसभेकडे अशाच दृष्टीने पाहतात : मुले बोलली, मोकळी झाली, काम संपले. परंतु तो नळ बांधला होता शहरातील हौद भरावेत म्हणून.

आमची सूचना साधी आहे. महापालिकेच्या व खाजगी, सर्वच प्राथमिक शाळांनी बालसभेच्या वहीत दोन रकाने आखावेत. एकात मुलांची मागणी, दुसऱ्यात आठ दिवसांच्या आत मुख्याध्यापकांचे सहीनिशी उत्तर. वही व्यवस्थापन समितीपुढे दर बैठकीस ठेवावी आणि पहिल्या रकान्यात कोणाही शिक्षकाने लेखणी लावू नये. थोडी रक्कम मुलांच्या निर्णयावर सोडता आली तर उत्तमच. नळाखाली एक पायरी बांधावयास अर्धे पोते सिमेंट आणि दोन-चार डझन विटा पुरतात. आमच्या त्या शाळेत ती पायरी पुढे झाली की नाही, हे आम्ही कधी जाऊन पाहिलेले नाही.