अकरावी-बारावी कोणाची?

देशाच्या शिक्षणव्यवस्थेची चर्चा आपल्याकडे बहुधा आकड्यांच्या बेरजेत होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुरस्कारलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारला. जुनी अकरावीची मॅट्रिक गेली, नवी दहावी १९७५ साली आणि नवी बारावी १९७७ साली प्रथम परीक्षेला बसली. आता २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ५+३+३+४ अशी मांडणी केली आहे. तिसऱ्या वर्षापासूनचे बालशिक्षण तिने औपचारिक रचनेत घेतले, हे स्वागतार्हच. (अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे आणि पहिली-दुसरी शालेय शिक्षण खात्याकडे, हा दोन चुलींचा संसार कसा चालायचा, हा प्रश्न वेगळा.) आम्हां मराठीच्या अध्यापकांना मात्र या बेरजेतल्या दोनच वर्षांविषयी बोलायचे आहे.

ही दोन वर्षे शालेय शिक्षणाचाच भाग असावीत, असे कोठारी आयोगाला अपेक्षित होते. महाराष्ट्राने त्यांना ‘कनिष्ठ महाविद्यालय’ असे नाव देऊन बऱ्याच ठिकाणी महाविद्यालयांच्या इमारतींत बसवले. परिणामी एकाच छपराखाली दोन राज्ये नांदू लागली. अकरावीचा अभ्यासक्रम राज्य मंडळाकडून येतो, प्रथम वर्षाचा विद्यापीठाकडून. अध्यापकांच्या पात्रता वेगळ्या, वेतनश्रेणी वेगळ्या, पुष्कळदा बसण्याच्या खोल्याही वेगळ्या. बारावीत काय शिकवले गेले, हे वरच्या वर्गावरच्या आमच्यासारख्यांना विद्यार्थ्याच्या तोंडूनच कळते.

भाषेचे नुकसान नेमके याच सांध्यात होते. पहिली ते दहावी मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. पण तो दहावीपाशी थांबतो. पुढे इंग्रजी अनिवार्य राहते आणि दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती-तंत्रज्ञान घेण्याची मुभा मिळते. सोळाव्या वर्षी, नेमके ज्या वयात कविता खऱ्या अर्थाने कळू लागते त्या वयात, मुलाच्या हातून मराठीचे पुस्तक सुटते. तो विषय घेणाऱ्या मुलांना आम्ही दोष देत नाही. गुणांचा हिशेब त्यांना मोठ्यांनीच शिकवला आहे. मात्र याच मुलांतले काही जण पुढे वाट बदलून कला शाखेकडे येतात, तेव्हा त्यांचे मराठी वाचन दहावीच्या धड्यांशी थांबलेले असते. त्यांच्यापुढे आम्ही साहित्यप्रकारांची तात्त्विक चर्चा मांडतो. ती त्यांना परकी वाटली तर नवल ते काय?

नव्या मांडणीत नववी ते बारावी हा सलग टप्पा आहे. कागदावर तरी ही फट बुजते. प्रत्यक्षात नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी महाविद्यालयाच्या आवारात, अशी विभागणी अनेक ठिकाणी कायम आहे. वर चार वर्षांची पदवी आली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका अशी बाहेर पडण्याची दारेही आली. दारांचा विचार इतक्या बारकाईने होतो, तेवढाच तो पायऱ्यांचा व्हायला हवा होता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद आम्हांलाही आहे. पण आमची मागणी अगदी साधी आहे: माहिती-तंत्रज्ञान जरूर शिकवा, ते मराठीच्या बदल्यात नको. आणि बारावीचे मराठीचे पुस्तक ठरते त्या बैठकीला पदवीच्या वर्गांवरचे दोन-चार अध्यापक असावेत, तसेच प्रथम वर्षाचा अभ्यासक्रम ठरताना कनिष्ठ महाविद्यालयांतलेही असावेत.