भट्टीवरच्या मुलांचा हक्क

दिवाळी सरली आणि भाताची झोडणी आटोपली की पेण आणि रोहा तालुक्यांतील कातकरी वाड्या ओस पडू लागतात. पावसाळ्यातल्या उपासमारीच्या दिवसांत घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीची, कोळसाभट्टीची वाट धरतात. आईबाप माती तुडवत असताना तान्ह्याला सांभाळायला थोरली मुलगी लागते. म्हणून तीही जाते. शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव तेवढे उरते. ती मृगाच्या तोंडावर परतते, तोवर परीक्षा होऊन गेलेली असते.

सरकारी भाषेत याला ‘गळती’ म्हणतात आणि तिचे खापर पालकांच्या अनास्थेवर फोडतात. हे निदान खोटे आहे. हे मूल शाळेतून गळत नाही. कर्जापोटी ते ओढून नेले जाते. वेठबिगारी कायद्याने नष्ट झाली १९७६ साली; उचलीचा फास मात्र सुटलेला नाही. भूदानासाठी देश पायाखाली घालणाऱ्या विनोबांचे जन्मगाव गागोदे याच पेण तालुक्यातले. आणि याच जिल्ह्यात अनेक कातकऱ्यांच्या घराखालची जागासुद्धा त्यांच्या नावावर नाही.

अशा मुलांपर्यंत शाळा पोचू शकते, हे लोकांच्या प्रयत्नांनी सिद्ध केले आहे. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. पुढे १९९० नंतरच्या दशकात ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर विधायक संसदेने भोंगाशाळा चालविल्या. मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात; शाळेने आपले नावच तिथून घेतले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, हा या दोन्ही प्रयोगांचा धडा.

परंतु लोकांच्या पुढाकाराचे कौतुक करता करता सरकारने आपले अंग काढून घ्यावे, हे आम्हांला मान्य नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी घटनेने घातलेली दहा वर्षांची मुदत १९६० सालीच संपली. मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात यायला २०१० साल उजाडले. आणि २०१७ साली महाराष्ट्र सरकारने कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला! पुढे २०२३ मध्ये समूहशाळांची टूम निघाली. वाडीवरच्या शाळेचा पट लहानच असायचा. त्यातून निम्मी वाडी भट्टीवर गेलेली. आधी मुले परागंदा होऊ द्यायची, मग पट मोजायचा आणि शाळेला कुलूप ठोकायचे, हा कोणता न्याय?

म्हणून कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. ही समिती कागदावर राहता कामा नये. तिची बैठक वाडीत, दिवेलागणीनंतर, मजूर घरी असताना भरली पाहिजे. स्थलांतरापूर्वी कोणते मूल कुठे जाणार याची यादी करावी, प्रत्येकाला शिक्षण हमी कार्ड मिळवून द्यावे आणि मागे राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी वेळीच करावी. कातकरी बोली बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी पुस्तकी मराठीने गप्प करू नये, हेही शिक्षकांना मित्रत्वाने सांगावे.

मात्र मूळ प्रश्न भाकरीचा आहे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. त्याचे काम दिवाळीनंतर वाडीजवळच निघाले आणि मजुरी वेळेवर मिळाली, तर उचल घ्यावी लागणार नाही आणि थोरली मुलगी शाळेतच राहील. शिक्षणाची लढाई रोजगाराच्या लढाईपासून तोडून लढता येत नाही. साथींनी येत्या दिवाळीपूर्वीच वाडीवाडीवर जाऊन कामाच्या मागणीचे अर्ज आणि मुलांची यादी एकाच वेळी भरून घ्यावी.