एकट्याने मुलांना परदेशी नेताना

विमानतळावरचा अधिकारी मुलाला सहज विचारतो, "बाबा कुठे आहेत?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे कारण असते. पालकांच्या भांडणात एकाने दुसऱ्याला न सांगता मूल परदेशी नेल्याच्या घटना घडतात, म्हणून अनेक देश चौकशी करतात. ही चौकशी मुलाच्या सुरक्षेसाठीच असते. तुम्ही आई किंवा वडील एकटेच मुलांना घेऊन निघणार असाल, तर उत्तर मुलाच्या तोंडून नव्हे, फाइलमधून मिळायला हवे.

सगळ्यांनी जवळ ठेवावे: मुलाचा पासपोर्ट, व्हिसा, परतीचे तिकीट आणि दोन्ही पालकांची नावे असलेला जन्मदाखला. दाखला फक्त मराठी, गुजराती किंवा कन्नडमध्ये असेल, तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. दाखल्यावर मुलाचे नावच नसेल, तर ते आधी नोंदवून घ्या.

यापुढची कागदपत्रे तुमच्या परिस्थितीवर ठरतात.

दुसरे पालक सोबत येत नसतील: त्यांचे नोटरी केलेले संमतीपत्र घ्या. त्यात मुलाचे नाव व पासपोर्ट क्रमांक, कोणाबरोबर, कुठे, कोणत्या तारखांना जाणार, राहण्याचा पत्ता आणि संमती देणाऱ्याचा फोन नंबर हवा. सोबत त्यांच्या पासपोर्टची प्रतही ठेवा.

घटस्फोट झाला असेल: निकालाची आणि ताब्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत घ्या. मुलाला परदेशी नेण्यावर त्यात अट आहे का, ते नीट वाचा. खटला सुरू असेल, तर तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारा. न्यायालयाची परवानगी लागू शकते.

जोडीदार हयात नसेल: मृत्यूचा दाखला.

दत्तक मूल असेल: दत्तकाचा आदेश.

अविवाहित आई असाल: जन्मदाखल्यासाठी वडिलांचे नाव देण्याची सक्ती करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केले आहे.

आईचे आणि मुलाचे आडनाव वेगळे असेल, तर विवाहाचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्रही फाइलमध्ये ठेवा. नात्याबद्दलची शंका बहुधा इथेच येते.

मुलाचा पासपोर्टच काढायचा असेल आणि दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल, तर 'अ‍ॅनेक्शर सी' हे घोषणापत्र भरावे लागते. दोघांची संमती असेल, तर 'अ‍ॅनेक्शर डी'.

नियम देशागणिक बदलतात. कॅनडा संमतीपत्र जवळ ठेवण्याचा सल्ला देतो, तर युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी ते सहसा अर्जासोबतच मागतात. म्हणून त्या त्या दूतावासाच्या संकेतस्थळावरची यादी आधी पाहा. काही ठिकाणी कागदावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का लागतो. त्याला वेळ लागतो, तेव्हा महिनाभर आधी कामाला लागा.

मूळ कागद हातातल्या पिशवीत ठेवा, प्रती मोबाइलमध्ये. आणि निघण्याआधी मुलाला सांगून ठेवा, "कोणी काही विचारलं तर घाबरू नकोस, खरं ते सांग. बाकीचं मी बघते."