पंचनाम्यात लेकराचाही रकाना हवा



आमच्या पश्चिम विदर्भात शेतकऱ्याने आत्महत्या केली की पंचनामा होतो आणि प्रकरण तहसीलमार्फत जिल्हा समितीपुढे जाते. सातबारा कुणाच्या नावे, कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे, वसुलीचा तगादा होता का, हे पाहून ते पात्र किंवा अपात्र ठरते. पात्र ठरले तर १ लाख रुपये मिळतात: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. २००६ पासूनची ही रीत. लेकरांची नावे या कागदांत वारस म्हणून येतात. त्यांच्या मनाचे काय झाले, हे कुणी विचारत नाही.

मी जळगाव जामोद तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो. चौथीत एक मुलगा होता. फाटकाशी मोटारसायकल थांबली की त्याची पेन्सिल थांबायची, मान खाली जायची आणि पुढचा सगळा तास वाया जायचा. मी त्याला सगळ्यांदेखत 'मठ्ठ' म्हणालो, एकदा छडीही मारली. वर्ष संपताना त्याची आजी म्हणाली, "गुरुजी, फटफटी थांबली की त्याले बाप आठवते." वसुलीवाले फटफटीवर यायचे. बाप गेला त्याच्या आदल्या दिवशीही आले होते. आज तो मुलगा तिशी ओलांडून गेला आहे. मुकादमाने आवाज चढवला की हातातले काम टाकून निघून येतो. एकही काम वर्षभर टिकलेले नाही. गाव त्याला भडक डोक्याचा म्हणते.

"लहान आहे, विसरून जाईल," असे आपण सहज म्हणतो. लेकरू प्रसंग विसरेलही, पण अंगात बसलेली धास्ती तशी जात नाही. भीती रोजची झाली की मेंदूतला धोका ओळखणारा भाग सदा जागा राहतो आणि विचार करून स्वतःला आवरणारा भाग मागे पडतो. मग वर्गात लक्ष लागत नाही आणि मोठेपणी साधा चढा आवाजही अंगावर आल्यासारखा वाटतो. अमेरिकेतील फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्या प्रौढांत दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असा एकही आघात न सोसलेल्यांच्या ४ ते १२ पट आढळला. म्हणजे बापाच्या प्रकरणाची फाइल बंद झाली, तरी लेकाचा धोका उघडाच राहतो.

यावर कुणी म्हणेल, "आम्हीही हाल काढले, आम्ही कुठे बिघडलो?" खरे आहे, आघात झाला म्हणजे आयुष्य वाया गेले असे नाही. हवाईतील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अत्यंत बिकट घरांतली साधारण एक तृतीयांश मुले नीट उभी राहिली. त्यांच्या पाठीशी बहुधा एक तरी मायेचे मोठे माणूस होते. आपल्यातही जे सावरले, त्यांच्यामागे आजी, मामा नाहीतर एखाद्या बाई होत्याच. ते माणूस लाभणे नशिबावर का सोडायचे?

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पंचनाम्यात घरातल्या प्रत्येक मुलाचे नाव, इयत्ता आणि त्याची विचारपूस कोण करणार, याची नोंद व्हावी. हा पाठपुरावा पात्र-अपात्र न पाहता व्हावा, कारण अपात्र ठरलेल्या घरातही बाप गेलेलाच असतो. राज्य सरकारच्या 'प्रेरणा' प्रकल्पात आशाताई शेतकऱ्यांच्या मनाची चौकशी करतात, ती मुलांपर्यंत न्यावी आणि ग्रामीण रुग्णालयात समुपदेशकाचा ठरलेला दिवस असावा. शाळांच्या केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत शिक्षकांना अशी मुले ओळखायला शिकवावे. तोवर १४४१६ हा 'टेली मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहावा.

त्या मुलाला मी जवळ बसवून "काय झालं रे बाळा?" एवढे विचारले असते, तर त्याचे आयुष्य बदलले असते की नाही, मी सांगू शकत नाही. पण विचारणे माझे काम होते आणि ते मी केले नाही. आज वर्गावर असलेल्या गुरुजी-बाईंनी तरी ते करावे आणि सरकारने त्यांना त्यासाठी हात द्यावा.

– एक निवृत्त शिक्षक, जळगाव जामोद (जि. बुलढाणा)